ओल्डहॅम वर आलं! नॅशनल लीगचा २०२४-२५ हंगाम, आणि सोलापुरात दोन गटांची लीग का हवी

गिरणीकामगाराचा नातू (धागाकर्ता)

मंडळी, प्रीमियर लीगचे धागे इथं भरपूर आहेत. त्यात ही चर्चा वाहून जाईल, म्हणून वेगळा धागा काढतोय. विषय आहे इंग्लंडची पाचव्या पायरीची लीग, म्हणजे नॅशनल लीग.

१ जून २०२५ च्या रविवारी निम्मं सोलापूर अहमदाबादचा पाऊस थांबायची वाट बघत होतं. आयपीएलचा मुंबई-पंजाब क्वालिफायर होता. त्याच दिवशी लंडनला वेम्बलीवर ओल्डहॅम ॲथलेटिक विरुद्ध साउथएंड युनायटेड असा प्ले-ऑफचा अंतिम सामना झाला. साउथएंड दोनदा पुढं गेलं. पहिल्यांदा ओल्डहॅमच्या नॉरवूडनं पेनल्टीवर बरोबरी केली. जादा वेळेत पुन्हा मागं पडल्यावर गार्नरनं गोल केला आणि लगेच हॅरटनं तिसरा. ३-२. पाचव्या पायरीचा सामना बघायला पन्नास हजारांवर माणूस आलं होतं!

ज्यांना रचना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर प्रीमियर लीगचे २० आणि फुटबॉल लीगचे ७२ असे ९२ क्लब. त्याखाली नॅशनल लीग. २४ संघ, प्रत्येकाचे ४६ सामने. पहिला थेट वर जातो. दुसरा ते सातवा यांच्यात प्ले-ऑफ होऊन आणखी एक. शेवटचे चार खाली, नॅशनल लीग नॉर्थ किंवा साउथमध्ये. त्याखाली इस्थमियन, नॉर्दर्न, सदर्न अशा प्रादेशिक लीगा, आणि त्यांच्याही खाली गावागावांच्या. गल्लीतला संघ कागदावर तरी प्रीमियर लीगपर्यंत जोडलेला आहे.

आता ओल्डहॅमच का? हे सुताचं गाव आहे. एके काळी जगात सगळ्यात जास्त सूत कातणाऱ्या गावांत त्याचं नाव पहिलं घ्यायचे. तिथली शेवटची कापूस गिरणी १९९८ मध्ये बंद झाली. आपल्याकडं १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. भोंग्यावर उठणारं गाव भोंगे थांबल्यावर कसं होतं, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. रात्रपाळीला माणसं कमी पडायला लागली तेव्हा ओल्डहॅमच्या गिरण्यांत पाकिस्तान-बांगलादेशातून कामगार आले. आपल्या पूर्व भागात तेलंगणातून पद्मशाली विणकर आले तसे. त्या गावाचा क्लब १९१५ साली फक्त एका गुणानं इंग्लंडचा विजेता व्हायचा राहिला. एव्हर्टन पहिले, हे दुसरे. १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाच्या २२ क्लबांत ओल्डहॅम होतं. तिथून घसरत घसरत २०२२ मध्ये पाचव्या पायरीवर आलं. प्रीमियर लीग खेळलेला क्लब फुटबॉल लीगच्याच बाहेर गेला, असं पहिल्यांदा घडलं. त्यानंतर एका स्थानिक उद्योजकानं क्लब घेतला. पुढं तीन हंगाम लागले. बारावे, दहावे आणि यंदा पाचवे.

मला म्हणायचंय ते इतकंच. खाली जायची भीती आणि वर यायची वाट, दोन्ही असतील तरच लहान गावात फुटबॉल टिकतो. आपल्याला आधी मोठा क्लब नको, दोन गटांची लीग हवी. बोला.

तालमीचा पोरगा, कोल्हापूर

भावा, मनातलं बोललास. आमच्याकडं या. शाहू स्टेडियमवर केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) वरिष्ठ गटात १६ संघ खेळतात. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, फुलेवाडी... नावं घेतली तरी पेठ उभी राहते. लोक वरच्या दोघांच्या मॅचला येतात हे खरं, पण वरिष्ठ गटातली जागा राखायला धडपडणाऱ्या दोन संघांची मॅच बघ एकदा. त्या दिवशी तालमीतली म्हातारी माणसंसुद्धा दुपारी जेवत नाहीत. १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला २०१७ मध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. पोरांना खेळायला रोज काहीतरी कारण पाहिजे, ते गटवारीनं मिळतं.

ऑफसाइड

धागा चांगला आहे, पण यंदाच्या हंगामाचं इतकं कौतुक मला पटत नाही. गुणतक्ता बघा. बार्नेट १०२ गुण, पहिले, थेट वर. यॉर्क सिटी ९६ गुण, दुसरे. ओल्डहॅम ७३ गुण, पाचवे. म्हणजे यॉर्क ४६ सामन्यांत ओल्डहॅमच्या २३ गुण पुढं होतं. तरी उपांत्य फेरीत घरच्या मैदानावर ०-३ हरलं आणि सगळं वर्ष पाण्यात. २०२१-२२ मध्ये स्टॉकपोर्टनं ९४ गुणांवर लीग जिंकली होती, हे लक्षात घ्या. यॉर्कचे ९६ त्या वर्षी पहिल्या नंबरला पुरले असते. ऑगस्ट ते एप्रिल खेळून मिळवलेलं नव्वद मिनिटांत जातं, याला मी न्याय म्हणत नाही. ओल्डहॅमचा आनंद मला समजतो, पण यॉर्कच्या माणसाच्या जागी बसून बघा.

गिरणीकामगाराचा नातू

@ऑफसाइड, यॉर्कवर अन्याय झाला हे मी मान्य करतो. पण तो प्ले-ऑफमुळं झाला असं मला वाटत नाही. वर जायच्या जागाच दोन आहेत, खरी अडचण ती. २०२२-२३ आठवा. रेक्सहॅम १११ गुण, नॉट्स काउंटी १०७. शंभरच्या वर गुण घेऊनही काउंटी दुसरे! ते प्ले-ऑफमधून वर आले म्हणून बरं, फायनल पेनल्टी शूटआउटवर गेली होती. वरच्या लीग टूमधून, म्हणजे चौथ्या पायरीवरून, खाली येणारे दोनच, म्हणून इथून जाणारेही दोनच. नॅशनल लीगच्या तिन्ही विभागांतले ७२ क्लब मिळून तीन जागा मागतायत. थ्री-अप मोहीम म्हणतात तिला. मला ती मागणी शंभर टक्के बरोबर वाटते.

आणि प्ले-ऑफ काढून टाकले तर काय होईल? दहाव्या-बाराव्या नंबरच्या क्लबचा हंगाम फेब्रुवारीत संपेल. सातव्या जागेची आशा असते म्हणूनच एप्रिलपर्यंत लोक थंडीत मैदानावर येतात.

थोडा इतिहासही सांगतो. १९८६ पर्यंत आपोआप बढती नव्हतीच. शेवटच्या क्लबांना ठेवायचं की बाहेरचा क्लब घ्यायचा, यावर वरचे क्लब मतदान करायचे. बहुतेक वेळा जुन्या ओळखीचेच राहायचे. १९८७ ला स्कारबरो हा आपोआप वर गेलेला पहिला क्लब, आणि लिंकन सिटी खाली आलेला पहिला. प्ले-ऑफची दुसरी जागा मिळायला २००३ उजाडलं, तेव्हा डॉनकास्टर गेले. एक एक जागा भांडून मिळवलेली आहे.

रेल्वे लाइन्स

+१. ओल्डहॅमच्या मेलन या मॅनेजरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मिकी मेलननं याच लीगमधून तीन वेगवेगळे क्लब वर नेले. २०१२ ला फ्लीटवूड, २०१८ ला ट्रॅनमेअर, आता ओल्डहॅम. २०१८ च्या फायनलला ट्रॅनमेअरचा एक खेळाडू पहिल्याच मिनिटाला लाल कार्डावर बाहेर गेला होता. दहा जणांनी जवळजवळ पूर्ण सामना खेळला आणि शेवटी हेडरनं विजयी गोल मारला तो याच नॉरवूडनं! सात वर्षांनी तोच मॅनेजर, तोच स्ट्रायकर, तेच वेम्बली.

फ्लीटवूडच्या त्या २०१२ च्या संघात जेमी वार्डी होता. स्टॉक्सब्रिज नावाच्या लहान क्लबकडून खेळायचा तेव्हा हा माणूस कारखान्यात वैद्यकीय स्प्लिंट बनवायच्या कामावर होता. तिथून हॅलिफॅक्स, मग फ्लीटवूड, मग दहा लाख पौंडांत लेस्टर, आणि २०१६ ला प्रीमियर लीगचा विजेता. निमव्यावसायिक म्हणजे काय, ते यातून कळतं. दिवसा नोकरी, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. आमच्या रेल्वेतली कितीतरी पोरं ड्यूटी सांभाळून असंच खेळली. फरक एवढाच की वार्डीच्या वर पुढची पायरी होती.

हिशेबनीस

मी फुटबॉल खेळलेली नाही, पण घरात दोन खेळाडू आहेत आणि व्यवसायानं लेखापाल आहे. त्यामुळं माझी नजर पैशाकडं जाते. वर जाणं किती महाग पडतं, त्यावर कुणीच बोलत नाहीये.

मेडस्टोन युनायटेडचं उदाहरण घ्या. १९८९ ला लीग जिंकून वर गेले. स्वतःचं मैदान नव्हतं, दुसऱ्या गावात डार्टफर्डला भाड्यानं खेळायचे. खर्च पेलेना, १९९२ ला क्लबच बंद पडला. रशडन अँड डायमंड्स हा दुसरा. मागं डॉक्टर मार्टेन्स बुटांच्या मालकाचा पैसा होता, त्यावर २००१ ला फुटबॉल लीगमध्ये गेले. तो मालक बाजूला झाला आणि २०११ पर्यंत क्लब संपला. ज्या साउथएंडला ओल्डहॅमनं हरवलं, त्यांचंही तेच. थकलेल्या करापायी कोर्टाच्या वाऱ्या, त्यात २०२३ ला दहा गुण कापले गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात नवीन मालक आले तेव्हा कुठं क्लब वाचला, आणि वर्षभरात वेम्बली.

तेव्हा सोलापूरच्या लीगचं बोलताना पहिला प्रश्न हा: वरच्या गटात गेलेल्या संघाचा खर्च वाढणार असेल तर तो कुठून येणार? कुणा एका धनिकाच्या खिशातून येणार असेल तर त्याचं मन बदलल्यावर पोरं रस्त्यावर. माझं मत स्पष्ट आहे. वर्गणीवर चालेल एवढाच खर्च ठेवायचा आणि जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावायचा.

तालमीचा पोरगा, कोल्हापूर

@हिशेबनीस ताई, अगदी बरोबर. आमच्याकडं मोठ्या संघांत बाहेरचे, आफ्रिकेतले खेळाडूसुद्धा खेळून गेलेत. मजा येते, पण खर्चाची ओढाताण होतेच.

पार्क मैदानाचा शेजारी

पैशाआधी मैदान. माझा अनुभव आहे म्हणून सांगतो. आमच्या संघानं सामना ठरवला, पोरं किट घालून आली, आणि मैदान त्या दिवशी दुसऱ्याच कार्यक्रमाला दिलेलं. कुणाचं नाव घेत नाही, पण असं खेळणाऱ्या प्रत्येकाबरोबर झालेलं आहे.

इंग्लंडात सगळं छान आहे असंही समजू नका. गेट्सहेड २०२३-२४ ला सहावे आले. प्ले-ऑफ खेळायचा हक्क मिळवला, पण त्यांना खेळूच दिलं नाही! त्यांचं स्टेडियम तिथल्या पालिकेचं. पुढची दहा वर्षं हे मैदान आपल्याकडं राहील याची लेखी हमी दाखवा, असा वरच्या लीगचा नियम. ती देता आली नाही, म्हणून बाहेर. त्यानंतर काही दिवसांतच त्याच खेळाडूंनी वेम्बलीला जाऊन एफए ट्रॉफी, म्हणजे फुटबॉल लीगबाहेरच्या क्लबांचा चषक, जिंकली, तीही प्ले-ऑफमध्ये त्यांच्याऐवजी पुढं गेलेल्या सोलिहल मूर्सला पेनल्टीवर हरवून. मला तर अंगावर काटा आला होता.

आधीही झालंय हे. १९९४ ला किडरमिन्स्टर, १९९५ ला मॅकल्सफील्ड, १९९६ ला स्टीव्हनेज. लागोपाठ तीन वर्षं लीग जिंकणाऱ्याला मैदान निकषात बसत नाही म्हणून वर घेतलं नाही. स्टीव्हनेज कोर्टात गेले, हरले. पण तिघांनी मैदानं सुधारली, पुन्हा लीग जिंकली आणि गेलेच वर. मॅकल्सफील्ड १९९७, किडरमिन्स्टर २०००, स्टीव्हनेज २०१०.

म्हणून माझं म्हणणं, गटवारी ठरवायच्या आधी हंगामभराचं मैदानाचं वेळापत्रक लेखी घ्या. तोंडी नाही.

ऑफसाइड

गेट्सहेडचं माहीत नव्हतं. वाचून यॉर्कपेक्षा जास्त वाईट वाटलं. यॉर्क निदान मैदानावर हरले.

पुण्यातला सोलापूरकर

मैदानावरून ट्रूरो सिटी आठवलं. यंदा नॅशनल लीग साउथ जिंकून पाचव्या पायरीवर आलेला हा कॉर्नवॉलचा पहिला क्लब. पार नैऋत्येच्या टोकाला. मागची काही वर्षं त्यांना स्वतःचं मैदानच नव्हतं. प्लिमथ, टॉन्टन, अगदी ग्लॉस्टरपर्यंत जाऊन 'घरचे' सामने खेळले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये घरी परतले आणि पहिल्याच हंगामात विजेते! २०२५-२६ मध्ये त्यांना गेट्सहेडला खेळायला जायचं म्हणजे एका बाजूनं सातशे किलोमीटरच्या वर. सोलापूरहून कोल्हापूरला जाऊन परत यायचं आणि पुन्हा एकदा जायचं, एवढं अंतर.

आता आपल्या देशाचं. २०२४-२५ ला खालून वर अशी साखळी कागदावर होती: राज्याच्या लीगा, आय-लीग ३, आय-लीग २, आय-लीग, आणि सगळ्यात वर आयएसएल (इंडियन सुपर लीग). आय-लीग जिंकून पंजाब २०२३ ला वर गेला, मोहम्मडन २०२४ ला. २०२४-२५ चा निकाल मात्र मैदानाबाहेर लागला. इंटर काशीच्या एका सामन्यात प्रतिस्पर्धी संघानं अपात्र खेळाडू खेळवला होता. त्या सामन्याच्या गुणांवरून इंटर काशी आणि चर्चिल ब्रदर्स भांडत राहिले. आधी चर्चिल विजेते ठरले, मग प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडं गेलं आणि जुलैमध्ये इंटर काशी विजेते ठरले. एप्रिलमध्ये संपलेल्या लीगचा विजेता जुलैत! आणि त्या हंगामापर्यंत आयएसएलमधून कामगिरीवरून एकही संघ खाली आलेला नाही. वर जायचं दार उघडं, खाली यायचं बंद होतं. अशा लीगमध्ये तळाच्या संघाला फेब्रुवारीनंतर कसली चिंता?

आपल्या लीगसाठी यातून घ्यायचं ते एकच. खेळाडूंची नोंदणी, कार्डं, निलंबन हे सगळं पहिल्या दिवसापासून नीट लिहून ठेवा. सामन्याआधी दोन्ही कर्णधारांनी एकमेकांची यादी बघून सही करायची. भांडणं तिथंच संपतात.

गिरणीकामगाराचा नातू

सगळे प्रतिसाद वाचले. लई मोलाचं लिहिलंय सगळ्यांनी. माझा आराखडा आता ठोस मांडतो, त्याची चिरफाड करा.

दोन गट, अ आणि ब, प्रत्येकी आठ संघ. प्रत्येकानं गटातल्या प्रत्येकाशी एकदा खेळायचं. म्हणजे संघाला सात सामने, गटाचे २८, दोन्हींचे मिळून ५६. शनिवार-रविवारी मिळून चार सामने घेतले तर १४ आठवडे. आपल्याकडं बाद पद्धतीच्या स्पर्धा मी भरपूर खेळलो. पहिल्या सामन्यात हरलं की किट पिशवीत, पुढच्या स्पर्धेपर्यंत सुट्टी. इथं हरलेल्यालाही पुढच्या आठवड्यात सामना आहे, आणि त्याला किंमत आहे.

सुरुवात दिवाळी झाल्यावर. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा एक आठवडा सोडायचा, त्या दिवसांत गड्ड्याची जत्रा सोडून मैदानावर कोण येणार! मार्चच्या मध्यापर्यंत संपवायचं. पुढं आपलं ऊन खेळू देत नाही.

ब गटातला पहिला थेट वर, अ गटातला आठवा थेट खाली. अ गटातला सातवा आणि ब गटातला दुसरा यांच्यात एक सामना, जिंकेल तो अ गटात. @ऑफसाइड, तुमच्या यॉर्कसाठी एक तरतूद केलीय: ब गटातला दुसरा पहिल्याशी गुणांनी बरोबरीत असेल तर गोलफरक न लावता दोघंही वर, आणि अ गटातले दोघं खाली.

ऑफसाइड

ही तरतूद मला मान्य आहे. मग सातव्याच्या सामन्याची गरजच उरत नाही त्या वर्षी. नियमात तसं स्पष्ट लिहा.

शाळेच्या मैदानावरून

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. दोन गोष्टी राहिल्या.

एक, रेफ्री. दिवसाला दोन सामने म्हणजे दर सामन्याला एक रेफ्री आणि दोन लाइन्समन, आणि त्यांना त्याच दिवशी मानधन. रेफ्री उशिरा आला किंवा शिव्या खाऊन निघून गेला की लीग तिसऱ्या आठवड्यात मोडते. माझ्या दोन माजी विद्यार्थिनींनी रेफ्रीचा कोर्स केलेला आहे, त्यांना विचारते. पण शिवीगाळीला थेट दोन सामन्यांचं निलंबन हवं, खेळाडूला आणि त्याच्या संघाच्या प्रेक्षकांसाठी संघालाही दंड. हे मान्य असेल तरच विचारेन.

दोन, मुलींचं काय? १६ संघ म्हणताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मुलगेच आहेत. माझ्याकडं खेळणाऱ्या मुली आहेत, दहावीनंतर त्यांना खेळायला जागाच नसते. आठ संघ जमणार नाहीत, चार नक्की जमतील. दोनदा एकमेकींशी खेळल्या तरी १२ सामने होतात. पहिल्याच वर्षी सुरू करा. नंतर बघू म्हटलं की ते कधीच होत नाही.

हिशेबनीस

मुलींच्या लीगला +१. माझ्या घरातल्या दोन खेळाडूंपैकी एक मुलगीच आहे. ५६ अधिक १२, म्हणजे ६८ सामने. रेफ्रींचं मानधन, चेंडू, चुना, पाणी, प्रथमोपचार एवढाच खर्च धरून अंदाजपत्रक मी करून देते. जर्सी, चषक, व्यासपीठ यातलं काहीही पहिल्या वर्षी नको.

गिरणीकामगाराचा नातू

@शाळेच्या मैदानावरून, बाई, दोन्ही गोष्टी मान्य. शिवीगाळीचा नियम तुम्ही सांगितलात तसाच ठेवू. आणि १४ आठवड्यांचं गणित बदलतंय, कारण मुलींचे १२ सामने त्यातच बसवायचे. रविवारी सकाळी तिसरा सामना घेतला तर जमेल असं वाटतंय.

पार्क मैदानाचा शेजारी

सकाळी साडेसातला घ्या. नऊनंतर क्रिकेटवाले येतात, त्यांच्याशी भांडायचं नाही. मैदानाच्या लेखी परवानगीचा अर्ज मी तयार करतो. हंगामातल्या सगळ्या तारखा एकाच अर्जात. येत्या रविवारी सकाळी ज्यांना जमेल त्यांनी पार्क चौकात या, तारखा तिथंच बसून ठरवू. संघाचं नाव आणि जबाबदार माणूस कोण, हे लिहून आणा.

रेल्वे लाइन्स

आमचा एक संघ धरा. ब गटातून सुरुवात करायला तयार आहोत.